किंक्सची पहिली दोन वर्षे कशी ऐकावीत

दी किंक्स या लंडनच्या बँडचा सुरुवातीचा काळ समजून घ्यायचा असेल, तर निवडक गाण्यांच्या संग्रहापासून आरंभ करू नये. असे बहुतेक संग्रह 'यू रिअली गॉट मी' या गाण्याने उघडतात आणि लगेच 1966 नंतरच्या मवाळ, गोष्टीवेल्हाळ गाण्यांकडे धाव घेतात. त्यामुळे त्या पहिल्या गाण्याआधीचे अपयश ऐकू येत नाही आणि त्यानंतरच्या अठरा महिन्यांत झालेला प्रवासही हरवतो. फेब्रुवारी 1964 ते नोव्हेंबर 1965 हा काळ तबकड्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने ऐकावा, असा माझा आग्रह आहे. गॅरेज रॉक नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या खरखरीत, घरगुती, उतावळ्या संगीताची एक मुख्य मुळी या काळात सापडते. शिवाय या प्रवासात मुंबईचा एक मुक्काम आहे, आणि तो केवळ योगायोगाने उल्लेखण्याजोगा नाही.

आधी थोडी तयारी करावी लागते. ही गाणी मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत असलेल्या, आवृत्तीत मिळवावीत. त्या काळी ब्रिटनमध्ये तरुणांसाठी निघणाऱ्या तबकड्या मुख्यतः मोनोमध्येच तयार होत, आणि अमेरिकेत निघालेल्या काही तबकड्यांवर 'स्टीरिओ' असे छापलेले असले तरी तो मोनो आवाजच कृत्रिमरीत्या दोन बाजूंना पसरवलेला होता. त्या पसरवण्यात गिटार, ड्रम आणि आवाज यांचा एकत्र बसलेला गुद्दा सैल होतो. पहिल्या तीन अल्बमच्या 2011 साली निघालेल्या विस्तारित आवृत्त्यांत मोनो ध्वनिमुद्रणे आणि त्या वर्षांतल्या सुट्या तबकड्यांवरची गाणी एकत्र सापडतात, म्हणून त्या सोयीच्या आहेत. ऐकण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. एकच स्पीकर असलेला साधा रेडिओसारखा डबा या गाण्यांना उलट अधिक मानवतो. घरात पेटी असेल तर ती जवळ ठेवावी, नसेल तर फोनवर पेटीचे आणि तंबोऱ्याचे ॲप उतरवून घ्यावे. त्यांचा उपयोग पुढे येईल.

ऐकायला बसण्यापूर्वी एका घराचे चित्र मनात असावे. उत्तर लंडनमधील मझवेल हिल परिसरात, फॉर्टिस ग्रीन रस्त्यावर डेव्हिस कुटुंब राहत असे. सहा मुलींनंतर झालेले दोन मुलगे म्हणजे रे आणि डेव्ह. रेचा जन्म 1944 चा, डेव्हचा 1947 चा. घराच्या पुढच्या खोलीत पियानो होता आणि शनिवारी रात्री तिथे सगळे नातेवाईक जमून गात. रेच्या तेराव्या वाढदिवसाच्या सुमारास, 1957 च्या जूनमध्ये, एका थोरल्या बहिणीने त्याला स्पॅनिश गिटार भेट दिली आणि त्याच रात्री नृत्यगृहात नाचताना तिचा मृत्यू झाला. तिचे हृदय लहानपणापासून दुबळे होते. हा प्रसंग मी सनसनाटीसाठी सांगत नाही. या बँडच्या अगदी दांडगट गाण्यातही आवाजाच्या तळाशी जे काही हळवे सापडते, ते ऐकताना ही खोली आणि ही बहीण आठवावी. अमेरिकेतली मुले घराच्या गॅरेजमध्ये सराव करत, म्हणून त्या संगीताला ते नाव पडले. इथे गॅरेजची जागा या पुढच्या खोलीने घेतली. रेचा शाळासोबती पीट क्वेफ बासगिटारवर आला आणि 1964 च्या आरंभी मिक एव्हरी ड्रमवर रुजू झाला. त्याआधी हा संच 'रेव्हन्स' अशा नावांनी वाजवत असे.

पहिली दोन गाणी मुद्दाम ऐकावीत, जरी ती फारशी चांगली नसली तरी. अमेरिकी निर्माता शेल टॅल्मी याच्या हाताखाली 'पाय' (Pye) या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी केलेली पहिली तबकडी 7 फेब्रुवारी 1964 रोजी निघाली. तिच्यावर लिटल रिचर्डचे 'लाँग टॉल सॅली' होते. उधारीचा आवेश कसा ऐकू येतो, हे त्यातून कळते: गायक ओरडतो खरा, पण त्या ओरडण्याला स्वतःचे कारण नाही. एप्रिलमधील दुसरी तबकडी, 'यू स्टिल वाँट मी', रेने लिहिलेली आहे आणि ती त्या वेळच्या लिव्हरपूलच्या बँडच्या चालीवर बेतलेली वाटते. ती विक्रीच्या यादीत आलीच नाही. आता तिसरी तबकडी चालली नाही तर कंपनी करार गुंडाळणार, अशी वेळ आली होती. दोन्ही गाणी एकामागून एक ऐकल्यावर पाच मिनिटे थांबावे आणि मगच तिसरे लावावे. त्या काळातल्या श्रोत्याला दुसऱ्या तबकडीनंतर साडेतीन महिने थांबावे लागले होते. तुलनेने पाच मिनिटे काहीच नाहीत.

'यू रिअली गॉट मी' 4 ऑगस्ट 1964 रोजी प्रसिद्ध झाले आणि सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ते पहिल्यांदा ऐकताना काहीही शोधू नये, नुसते ऐकावे. सव्वादोन मिनिटांच्या आतबाहेर ते संपते. त्यानंतर पेटीसमोर बसावे. गिटारवादक या गाण्याचा मुख्य तुकडा पांढरी चार आणि पांढरी पाच (पाश्चात्त्य नावांनी एफ आणि जी) या दोन पट्ट्यांवर वाजवतात. रेकॉर्डच्या सुराशी तंतोतंत जुळवत बसण्याचे कारण नाही. पांढरी पाचला षड्ज मानावे आणि नि – सा – सा – नि – सा असे पाच आघात द्यावेत, त्यातला निषाद कोमल. एवढाच तो तुकडा आहे. हे पाच आघात न थांबता, वेग न वाढवता, दोन मिनिटे वाजवून पाहावेत. पहिल्या अर्ध्या मिनिटात ते बालिश वाटतात आणि नंतर हाताला त्यांची ओढ लागते. हा अनुभव स्वतः घेतल्याशिवाय या गाण्याची ताकद वाचून कळत नाही, म्हणून पेटीचा आग्रह धरला.

यानंतर दुसरी गोष्ट तपासावी. गाणे पुढे सरकते तसा षड्जच वर उचलला जातो: पांढरी पाचवरून पांढरी सहावर, आणि तिथून थेट वरच्या पांढरी दोनवर. आपल्या मैफलीत गायक एकदा लावलेला षड्ज सहसा सोडत नाही; त्या स्थिर आधारावरच सगळी इमारत उभी राहते. इथे पाच आघातांची तीच विट जशीच्या तशी उचलून वरच्या मजल्यावर ठेवली जाते, आणि शब्दांत फारसे काही घडत नसतानाही माणसाची घालमेल वाढत गेल्याचा भास होतो. पेटीवर हे दोन बदल करताना बोटांची मांडणी बदलत नाही, फक्त हात सरकतो. गाणाऱ्याला मात्र दम वाढवावा लागतो, आणि रेचा आवाज तिसऱ्या पायरीवर कसा ताणला जातो ते त्यामुळे नीट उमगते.

आता त्या आवाजाकडे वळावे, कारण खरी क्रांती स्वरांत नव्हती, पोतात होती. सतरा वर्षांच्या डेव्हकडे एल्पिको नावाचा एक हिरवा, स्वस्त, लहानसा ॲम्प्लिफायर होता. त्याच्या आवाजाला कंटाळून त्याने स्पीकरच्या कागदी शंकूवर दाढीच्या पात्याने चिरा पाडल्या. असा फाटलेला कागद थरथरताना मूळ कंपनाखेरीज स्वतःची फडफड मिसळतो आणि स्वर खरखरीत, जाड, जरासा रागावलेला होतो. हा दुबळा डबा त्याने व्हॉक्स कंपनीच्या मोठ्या ॲम्प्लिफायरला जोडला, म्हणजे फाटका आवाज मोठ्या घशातून बाहेर पडू लागला. त्याने एकाच वेळी दाबलेल्या तारांतून मुख्यतः षड्ज आणि पंचमच ऐकू येतात, हेही लक्षात घ्यावे. फाटक्या आवाजात गंधार मिसळला तर स्वरांच्या टकरीतून गढूळपणा वाढतो. सा आणि प मात्र एकमेकांना धरून राहतात. तंबोऱ्यात ही जोडी आपण का लावतो, हे जो जाणतो त्याला डेव्हच्या गिटारचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

या गाण्याचे आपण ऐकतो ते ध्वनिमुद्रण पहिले नाही, ही गोष्ट ऐकताना मनात असू द्यावी. जूनमध्ये पाय कंपनीच्या स्टुडिओत केलेली आवृत्ती संथ होती आणि तिच्यावर प्रतिध्वनीचा जाड थर चढवला होता. ती बाजारात जाऊ देण्यास रेने ठाम नकार दिला. ज्याची दोन गाणी पडली आहेत अशा वीस वर्षांच्या मुलाने कंपनीला असे सांगणे सोपे नव्हते. जुलैमध्ये लंडनच्या पोर्टलंड प्लेस येथील आयबीसी स्टुडिओत गाणे पुन्हा केले गेले. तिथे ड्रमवर व्यावसायिक वादक बॉबी ग्रॅहम बसला आणि एव्हरीने खंजिरी वाजवली. मधला गिटारचा तुकडा तेव्हा स्टुडिओंत भाड्याने वाजवणाऱ्या जिमी पेज या गिटारवादकाने वाजवला, अशी वावडी अनेक वर्षे फिरत राहिली. पेजने स्वतः ती नाकारलेली आहे आणि तो तुकडा डेव्हचाच आहे. त्यासाठी पुरावा म्हणून कान पुरेसे आहेत: स्वर अडखळतात, एकमेकांवर आदळतात, आणि भाड्याने आणलेला सराईत वादक असे वाजवणार नाही. मला हा तुकडा त्या दशकातल्या अनेक सफाईदार तुकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

पुढची दोन गाणी लागोपाठ ऐकावीत, कारण ती याच दोन स्वरांची वेगवेगळी उत्तरे आहेत. 'ऑल डे अँड ऑल ऑफ द नाइट' 23 ऑक्टोबर 1964 रोजी निघाले आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. ते आधीच्या गाण्याची नक्कल आहे असे म्हटले जाते. पण पेटीवर वाजवून पाहिल्यास नि आणि सा यांच्या जोडीला कोमल गंधार आलेला सापडतो, आणि त्या एका स्वराने तुकड्याला धमकीचा रंग येतो. 'टायर्ड ऑफ वेटिंग फॉर यू' 15 जानेवारी 1965 चे आहे आणि ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याचा पायाही पुन्हा षड्ज आणि कोमल निषाद हाच आहे, फक्त इथे सा आधी येतो आणि नि नंतर, लय थकलेल्या माणसाच्या पावलांसारखी पडते, आणि डेव्हची फाटकी गिटार मागे राहून नुसती गुरगुरते. गंमत म्हणजे या गाण्याचा मूळ भाग आधीच, ऑगस्टमध्ये ध्वनिमुद्रित झाला होता, आणि ती गुरगुर नंतर वर चढवण्यात आली. म्हणजे राग आणि थकवा ही दोन वळणे एकापाठोपाठ आलेली नाहीत. ती सुरुवातीपासून शेजारी शेजारी होती.

अल्बमबाबत माझा सल्ला थोडा कठोर आहे. ऑक्टोबर 1964 मधील पहिल्या अल्बममध्ये चक बेरी, बो डिडली यांच्या गाण्यांच्या घाईत केलेल्या आवृत्त्या भरपूर आहेत. त्यांतली दोन-तीन ऐकून बाकीची सोडली तरी चालेल, पण 'स्टॉप युअर सॉबिंग' चुकवू नये. त्याऐवजी नोव्हेंबर 1964 ची 'किंक्साइज सेशन' ही चार गाण्यांची छोटी तबकडी काढावी. तिच्यावर 'लुई लुई' आहे, जे अमेरिकेतल्या गॅरेज बँडचे जणू पाठ्यपुस्तकच होते. मझवेल हिलची मुले अमेरिकी गॅरेजचा धडा गिरवत होती आणि त्याच महिन्यांत अमेरिकेतली मुले किंक्सचा तुकडा गिरवू लागली होती, हे त्यातून ऐकू येते. याच सुमारास टॅल्मीने दी हू या बँडची पहिली गाजलेली तबकडी केली, आणि तिच्या पहिल्या काही आघातांतच किंक्सचा ठसा सापडतो.

आता मुंबई. 1965 च्या जानेवारीत हा बँड ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यावर निघाला आणि वाटेत मुंबईत थांबला. पहाटे कामावर निघालेल्या मच्छीमारांचे सामूहिक गाणे रेने ऐकले, आणि ते त्याच्या डोक्यातून गेले नाही. मुंबईच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार म्हणजे बहुधा आपले कोळी बांधव. जाळे ओढताना, होडी लोटताना एकाने हाक द्यावी आणि बाकीच्यांनी तिला उचलून धरावे, ही त्यांची रीत आपल्या कानांना परिचित आहे. वीस वर्षांच्या, झोपमोड झालेल्या इंग्रज मुलाला ती पूर्णपणे नवी होती. त्या पहाटेचे फळ म्हणजे 30 जुलै 1965 रोजी निघालेले 'सी माय फ्रेंड्स'.

हे गाणे ऐकण्यापूर्वी तंबोऱ्याचे ॲप सुरू करून दोन मिनिटे नुसता षड्ज-पंचम कानात भरू द्यावा, मग तो बंद करून गाणे लावावे. आरंभीच एक लांब, गुणगुणणारा स्वर येतो आणि तो गाण्याखाली वाहत राहतो. सतार इथे नाही. बारा तारांच्या गिटारचा आवाज पुन्हा यंत्रात घुमवून, दाबून तो भास निर्माण केलेला आहे. रेचा आवाज त्या स्वराभोवती घोटाळतो, ओढला जातो, शब्द नाकातून घरंगळतात. बीटल्सच्या तबकडीवर सतार ऐकू आली ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात. या क्रमाचा उल्लेख श्रेयाच्या भांडणासाठी करत नाही. भारतीय संगीताकडे जाण्याची किंक्सची वाट वेगळी होती, एवढेच नोंदवायचे आहे. ती दरबारी वाद्यातून आली नाही, कष्टकऱ्यांच्या गळ्यातून आली. आणि ज्याने आधीच्या वर्षी षड्ज दोनदा उचलून वर नेला, त्यानेच आता आधारस्वर धरून ठेवला. 'यू रिअली गॉट मी' आणि 'सी माय फ्रेंड्स' ही दोन गाणी एकाच बैठकीत, मध्ये दुसरे काही न लावता ऐकली, तर हे अंतर अंगावर येते. ब्रिटनमध्ये हे गाणे कसेबसे पहिल्या दहांत पोहोचले. माझ्या मते त्या वर्षातले ते त्यांचे सर्वांत धाडसी काम आहे.

मुंबई आणि हे गाणे यांच्यामधल्या महिन्यांकडे धावती नजर टाकली तरी पुरे. मार्चमधला दुसरा अल्बम, 'काइंडा किंक्स', दौऱ्याहून परतताच घाईने उरकला गेला आणि रे त्यावर नाराज होता. ती घाई ऐकू येते. मे महिन्यातील 'सेट मी फ्री' या तबकडीची मागची बाजू, 'आय नीड यू', मात्र जरूर ऐकावी. तिच्या पहिल्याच क्षणी गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरमध्ये शिरून चीत्कारतो, आणि गॅरेज रॉक म्हणजे काय हे तीन सेकंदांत समजावतो. त्याच आठवड्यात, 19 मे रोजी, कार्डिफच्या रंगमंचावर डेव्हने एव्हरीच्या ड्रमसंचाला लाथ मारली आणि एव्हरीने झांजेच्या स्टँडने त्याच्या डोक्यावर वार केला. डेव्हला सोळा टाके पडले. या भांडणाच्या कहाण्या चवीने सांगितल्या जातात, पण ऐकणाऱ्याच्या दृष्टीने त्यानंतरची घटना अधिक महत्त्वाची आहे. उन्हाळ्यातील वादग्रस्त अमेरिका दौऱ्यानंतर तिथल्या संगीतकारांच्या संघटनेने त्यांना परवाने नाकारले, आणि 1969 पर्यंत त्यांना अमेरिकेत कार्यक्रम करता आले नाहीत. ज्या देशाच्या संगीतावर ते वाढले त्याचीच दारे बंद झाली.

सप्टेंबर 1965 मधली 'क्वाएट किंक्स' ही छोटी तबकडी आता लावावी आणि त्यातले 'अ वेल रिस्पेक्टेड मॅन' लक्ष देऊन ऐकावे. गिटार साधी, न फाटलेली; आवाजात उत्तर लंडनचे उच्चार उघडपणे येतात, आणि ठरावीक वेळी ठरावीक गाडी पकडणाऱ्या प्रतिष्ठित इंग्रज माणसाचे चित्र रेखले जाते. अमेरिकी थाटाचे अनुकरण इथे गळून पडले आहे. पहिल्या तबकडीवरचे उधारीचे ओरडणे याच वेळी पुन्हा एकदा, अर्धा मिनिट का होईना, लावून पाहावे. दोन्ही आवाज एकाच माणसाचे आहेत यावर विश्वास बसत नाही.

शेवटी 19 नोव्हेंबर 1965 ची तबकडी घ्यावी आणि तिच्या दोन्ही बाजू ऐकाव्यात. पुढच्या बाजूला 'टिल द एंड ऑफ द डे' आहे: तोच हात, तीच गिटार, पहिल्या वर्षाचा आवेश पुन्हा एकदा, आता पक्क्या सरावाने. मागच्या बाजूला 'व्हेअर हॅव ऑल द गुड टाइम्स गॉन' आहे, आणि त्यात सरलेल्या सुखाच्या दिवसांची चौकशी करणारा रे तेव्हा एकवीस वर्षांचा होता.